गळाची परंपरा आणि नावांचा हिशेब : ‘मत्स्यविनोद’ ते तापीखोरे

मराठी वाङ्मयात मासा पुष्कळ आहे. संतांच्या रचनांत पाण्यावेगळी तळमळणारी मासोळी आहे, किनारपट्टीच्या ललितगद्यात बाजार आणि कालवण आहे, कथा-कादंबऱ्यांत कोळीवाडे आणि दर्यावर जाणारी माणसे आहेत. मात्र हाती काठी, दोरा आणि गळ घेऊन केवळ छंद म्हणून पाण्याकाठी बसणारा माणूस आपल्याकडे क्वचितच भेटतो. इंग्रजीत याच माणसाने एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार उभा केला. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली निघाले आणि साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ते पुनःपुन्हा छापले जात आहे. मराठीत असे पुस्तक का झाले नाही, असा प्रश्न एखाद्या रसिकाने विचारला तर दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, आपले हवामान वेगळे. दुसरे, ती साहेबी चैन. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. कारण वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी दख्खनमध्येच, मराठीच्या अगदी शेजघरात, गळाने मासे धरण्याच्या करमणुकीवर एक सविस्तर अध्याय लिहिला गेला होता. त्या अध्यायाचे वाचन, त्यानंतर साहेबांनी लिहिलेली पुस्तके, आणि या दोहोंच्या पार्श्वभूमीवर जळगाव-धुळ्याच्या पाण्याची वाङ्मयीन स्थिती, असा या लेखाचा आवाका आहे.

१. कृत्रिम माशी आणि साठवलेले पाणी

आधी इंग्रजी परंपरेची ओळख थोडक्यात करून घेऊ. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी न लावता पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची आणि ती पाण्यावर अलगद टाकायची, ही तिथली कुलीन पद्धत. तिचा जुना उल्लेख इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या नदीसंदर्भात केलेला आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या गळविषयक प्रबंधात अशा बारा माश्यांची कृती दिली आहे. वॉल्टन स्वतः या कलेतला मोठा जाणकार नव्हता. १६७६ च्या आवृत्तीत चार्ल्स कॉटनने माशीवरचा भाग जोडला तेव्हा ते पुस्तक त्या अंगाने पुरे झाले.

या सगळ्या लेखनात ट्राउट आणि सामन हे नायक आहेत आणि रंगभूमी आहे वाहत्या पाण्याची. वाहत्या पाण्यात ट्राउट एका दगडाच्या आडोशाने जागा धरून राहतो आणि अन्न त्याच्याकडे वाहत येते. तळ्यात उलट होते. पाणी स्थिर असते आणि मासा अन्नाच्या शोधात हिंडत राहतो. त्यामुळे तळ्याकाठच्या माणसाला प्रवाह वाचता येत नाही. त्याला वारा कुठून आहे, तळाशी गवत कुठे आहे, चिलटांच्या अळ्या केव्हा वर येतात हे ओळखावे लागते. तळ्यातल्या या प्रकाराला इंग्लंडमध्ये जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यामागे ब्लॅगडनचा मोठा वाटा आहे. ब्लॅगडन हे निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे. ब्रिस्टल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला तो तलाव १९०४ मध्ये मासेमारीसाठी खुला झाला.

ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. धरणाच्या पाण्याभोवतीही वाङ्मय उभे राहू शकते, त्यासाठी पुराणकाळापासूनचा डोह लागत नाही, हे तिच्यावरून दिसते. आपल्याकडे मुंबईचा पवई तलाव असाच १८९१ साली पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. त्याचे पाणी पिण्याच्या कामी आले नाही, पण पुढे गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची संघटना तिथेच रुजली. म्हणजे छंद आला, तळे आले, संघटना आली. पुस्तक मात्र आले नाही.

२. ‘मत्स्यविनोद’ : राजाचा गळ

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्याचा काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर विषय त्यात आहेत. राज्यप्राप्ती आणि राज्यरक्षणापासून ते स्वयंपाक, चित्रकला, दागिने, हत्ती-घोडे इथपर्यंत राजाला जे जे कळले पाहिजे ते ते या ग्रंथाने मांडले. चौथ्या विंशतीत वीस विनोद आहेत. विनोद म्हणजे इथे राजाची करमणूक. मल्लांच्या कुस्त्या, कोंबड्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी, बहिरी ससाण्याची शिकार यांच्या ओळीत ‘मत्स्यविनोद’ येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘मृगयाविनोद’.

या अध्यायाची मांडणी पाहण्यासारखी आहे. ग्रंथकार आधी मासे सांगतो. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान, असे त्यांचे वर्ग पाडतो. मग कोणता मासा कुठे राहतो आणि त्याला काय घालून लोभवावे ते येते. त्यानंतर दोरी, गळ आणि काठी. आधी मासा, मग त्याची भूक, मग हत्यार, या क्रमात निरीक्षणाला पहिला मान आहे. शिकारीच्या ग्रंथांत सहसा आढळणारी शौर्याची भाषा इथे जवळजवळ नाही, आणि उपदेशही नाही. वॉल्टनला मासेमारीतून सज्जनपणा आणि समाधान शिकवायचे होते. सोमेश्वराला असे काही सिद्ध करायचे नाही. या कोरडेपणातच अध्यायाची वाङ्मयीन ताकद आहे आणि मर्यादाही. पाण्याकाठी बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, याची एक रेघही ग्रंथकार ओढत नाही.

‘मत्स्यविनोदा’कडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले ते मुख्यतः प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५१ साली त्यांनी या अध्यायावर लेख लिहिला. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली संहिता तोवर हाताशी आली होती. होरा माशांचे जाणते. त्यांनी अध्यायातल्या नावांना आजच्या जाती जुळवून पाहिल्या. रोहित म्हणजे रोहू, इतके सोपे प्रत्येक नावाचे नाही. काही नावे अशी आहेत की ती संस्कृत कोशांच्या नेहमीच्या परंपरेतली वाटत नाहीत. होरांचे हे काम पायाभूत आहे आणि त्याशिवाय पुढचे कोणतेच वाचन शक्य नव्हते. पण त्यांनी संहितेला विचारलेला प्रश्न एकच होता : हा मासा कोणता? समीक्षकाने दुसरा प्रश्न विचारायला हवा : हे नाव राजाला कुणी सांगितले?

राजा स्वतः डोहात उतरून खवले तपासत नसणार, हे उघड आहे. कोणता मासा खडकात राहतो, कोणता चिखलात, कशाच्या वासाला येतो, हे ज्ञान नदीकाठी पोट भरणाऱ्या लोकांचे असते. संस्कृत कोशांना अनोळखी असलेली नावे त्यांच्याच बोलीतून आली असावीत आणि श्लोकात बसण्यासाठी त्यांना संस्कृत वेष चढवला गेला असावा, असे अनुमान काढायला जागा आहे. ग्रंथात नाव आले, नाव सांगणारा मात्र नाही. राजाच्या विनोदात तो काठी धरायलाही नाही.

इथे मराठी वाचकाने थांबावे अशी एक जागा आहे. ज्या चौथ्या विंशतीत ‘मत्स्यविनोद’ आहे, त्याच विंशतीत पुढे ‘गीतविनोद’ आहे, आणि मराठीच्या जुन्यात जुन्या पद्यओळींपैकी काही त्यात जपल्या गेल्या आहेत. भाषेच्या इतिहासकारांनी त्यांची दखल वारंवार घेतली आहे. त्या ओळी विष्णूच्या अवतारांची स्तुती करतात आणि त्यांतली एक आहे मत्स्यावताराची, पाताळातून वेद परत आणणाऱ्याची. म्हणजे एकाच ग्रंथाच्या एकाच भागात संस्कृत सांगते मासा कसा धरावा, आणि मराठी गाते मासा हाच तारणहार कसा. दोन अध्यायांचा हा शेजार ग्रंथकाराने मुद्दाम योजलेला नसेल. तरीही पुढच्या मराठी परंपरेची दिशा त्यात दिसते. मराठीतला मासा हा मुख्यतः रूपकाचा मासा राहिला. देव, जीव, तळमळ, लोभ यांच्यासाठी तो आला. तो किती बोटांचा, कुठल्या पाण्यातला, हे मराठीने विचारले नाही.

खानदेश या ग्रंथापासून दूर नव्हता. सेऊणदेशाचे यादव त्या काळी कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्या लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण अखेरीस मठाला मिळायच्या उत्पन्नाचा तपशील येतो तेव्हा भाषा मराठी होते. बाजारातली देणी, मापे, व्यवहार सांगायला मराठी लागते, हे पाटणच्या दगडाला ठाऊक होते. मराठीला व्यवहाराची नेमकी भाषा जमत नव्हती असे म्हणायला इथे वाव राहत नाही. पाण्यातल्या व्यवहाराकडे मात्र ती वळली नाही.

३. साहेबांची वही

यानंतरची सात शतके ओलांडून आपण विल्यम हेन्री साइक्सपाशी येतो. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारा हा लष्करी अधिकारी. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांवरचा त्याचा अहवाल इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. दख्खनच्या माशांवरचा त्याचा प्रबंध १८३९ चा. या प्रबंधात त्याने एक गोष्ट केली जी ना सोमेश्वराने केली होती ना त्याच्या काळातले बहुतेक निसर्गशास्त्रज्ञ करत होते. नव्या जातींना नावे देताना त्याने कित्येकदा स्थानिक मराठी नावच लॅटिनच्या रांगेत बसवले. खुद्री, कोळस, बोगट, फुलंगी, सांडखोल, नुक्ता, शिंगटी ही नावे आज जगभरच्या संग्रहालयांत आणि शोधनिबंधांत आहेत. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’ आहे ते त्यामुळेच.

साइक्सची रोमन अक्षरे परत देवनागरीत आणताना अडचण होते. मूळ उच्चार दीर्घ होता की ऱ्हस्व, ‘ळ’ होता की ‘ल’, हे त्याच्या कानांवर आणि त्याच्या लेखनिकावर अवलंबून होते. मराठीचा कोश ज्या शब्दांना धड ओळखत नाही, ते शब्द आपण लंडनहून परत आणतो आणि त्यांचे शुद्धलेखन ठरवायला आपल्याजवळ आधार नसतो. शिवाय साइक्सने पाहिलेले मासे प्रामुख्याने भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचे, म्हणजे पूर्वेला वाहणाऱ्या पाण्याचे. मुलताईला उगम पावून पश्चिमेला जाणाऱ्या तापीचे खोरे वेगळे. त्याच्या सांख्यिकीत खानदेश आहे. त्याच्या माशांत खानदेशला अशी जागा नाही.

साइक्सला गळात रस नव्हता. तो होता हेन्री सलिव्हन थॉमसला. मद्रास सनदी सेवेतल्या या अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये आले आणि हिंदुस्थानातल्या इंग्रज हौशी मंडळींचे ते पाठ्यपुस्तकच झाले. १८८७ मध्ये त्याने ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे खास तळ्यांतल्या मासेमारीवरचे पुस्तक लिहिले. थॉमसचा गुण असा की विलायती चष्मा त्याने बऱ्याच अंशी उतरवला. इथे ट्राउट नाही म्हणून सुस्कारे टाकत बसण्याऐवजी इथल्या महसीरला आणि तळ्यातल्या साध्या माशांना त्याने शिकारीच्या तोडीचे मानले. सगळ्यांनीच तसे केले नाही. काश्मीरमध्ये १९०० साली ट्राउटची अंडी विलायतेहून आणून वाढवली गेली. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तोच प्रयोग यशस्वी झाला. आपल्या पुस्तकातला मासा इथल्या पाण्यात नसेल तर तो आणून सोडायचा, इथवर वाङ्मयाचा प्रभाव गेला होता.

या छंदाची दुसरी बाजू कायद्यात दिसते. मासे कमी होत आहेत ही चिंता थॉमस, फ्रान्सिस डे आणि त्यांच्या पिढीने सरकारदरबारी नेली. बारीक आसाची जाळी, पाण्यात विष कालवणे, सुरुंग यांवर त्यांचा रोख होता. १८९७ च्या मत्स्य कायद्याने स्फोटके आणि विष यांवर बंदी घातली. सुरुंगाचे समर्थन कुणीच करणार नाही. पण जंगलातल्या वनस्पतींनी मासे गुंगवणारा भिल्ल आणि फावल्या वेळी काठी घेऊन येणारा कलेक्टर यांना एकाच मापाने मोजणारी भाषा इथे तयार झाली. त्या भाषेत गळ टाकणारा तो सभ्य आणि जाळे टाकणारा तो लुटारू. सोमेश्वराच्या ग्रंथात मासेमार अदृश्य होता. साहेबाच्या ग्रंथात तो दिसू लागला, पण आरोपी म्हणून.

सदिच्छेनेही नुकसान होते, याचे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. लोणावळ्याला टाटांच्या धरणक्षेत्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९७० नंतर खुद्री महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात हे मोठे काम आहे, आणि एका मराठी शास्त्रज्ञाचे आहे. पण तिथली पिल्ले दूरच्या नद्यांत गेली, कावेरीतही गेली, आणि तिथल्या कुबड असलेल्या महसीरच्या ऱ्हासामागे ही परकी भर हे एक कारण असल्याचे पुढच्या अभ्यासांत दिसून आले. त्या महसीरचे शास्त्रीय नाव नक्की झाले ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्तांत झाली. नाव मिळेपर्यंत मासा संपत आला होता.

४. तापीखोऱ्यातले पाणी आणि शब्द

आता खानदेश. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ट्राउटला सुमारे २० अंशांच्या आतले पाणी लागते. सातपुड्यातल्या तोरणमाळचा यशवंत तलाव हजार मीटरहून अधिक उंचीवर असला तरी तोही या माशाला पुरेसा थंड नाही. तेव्हा ट्राउटचा विषय इथेच संपतो आणि पाण्याचा सुरू होतो.

खानदेश कोरडा म्हणून ओळखला जातो, पण पाण्याची शिस्त इथे जुनी आहे. पांझरेवरचे बंधारे आणि फड पद्धत हे त्याचे उदाहरण. पाणी कुणाला, केव्हा, किती, हे गावाने ठरवायचे, पाटकऱ्याने ते पोचवायचे. या व्यवस्थेवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. गेल्या साठ वर्षांत मोठी धरणे आली : गिरणा १९६९ मध्ये, तापीवर गुजरातेत उकाई १९७२ मध्ये, भुसावळजवळ हतनूर १९८२ मध्ये. वाहती नदी ठिकठिकाणी तळे झाली. वाहत्या पाण्याला लागणारे मासे मागे सरले आणि जलाशयांत मत्स्यबीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. कटला, रोहू, मृगळ ही तीन नावे गंगेच्या खोऱ्यातली. सहकारी संस्थांच्या ठेक्याच्या कागदांवर आज मुख्यत्वे तीच वाचायला मिळतात. भोई, कोळी आणि भिल्ल मासेमारांच्या बोलण्यात याहून कितीतरी नावे होती आणि काही अजून आहेत. सोमेश्वराच्या यादीतला रोहित टिकला, कारण त्याला बाजार मिळाला.

भाषेकडे पाहिले तर मराठीने गळाला कोणत्या कामाला लावले ते लगेच कळते. आमिष दाखवणे, गळाला लागणे, मोठा मासा गळाला लागणे, हे सगळे वाक्प्रचार फसवणुकीचे आहेत. संतवाङ्मयातही गळ म्हणजे विषयलोभाचा सापळा आणि मासा म्हणजे भुललेला जीव. पाण्याकाठी निश्चल बसणारा बगळा तर ढोंगाचा मापदंडच झाला. ज्या भाषेत काठावरची स्तब्धता हीच संशयास्पद ठरते, तिथे वॉल्टनचा समाधानी माणूस जन्मणे कठीण. हे कारण मला हवामानापेक्षा आणि चैनीपेक्षा अधिक खरे वाटते.

याला एक लक्षणीय अपवाद खानदेशनेच दिला. बालकवी धरणगावचे. त्यांच्या ‘औदुंबर’ या छोट्या कवितेत झऱ्याकाठचे झाड पाण्यात पाय सोडून बसले आहे. आठ ओळींच्या त्या कवितेवर मराठी समीक्षेने बरीच शाई खर्च केली. कुणी तिच्यात औदासीन्य पाहिले, कुणी अध्यात्म, कुणी निव्वळ चित्र. गळाच्या परंपरेतून पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाण्याकाठी काहीही न मागता बसण्याची जी अवस्था इंग्रजी लेखकाला हातात काठी घेऊन गाठावी लागते, ती बालकवींनी काठीविना गाठली. त्यासाठी माणूस मात्र त्यांना चालला नाही, झाड लागले. मराठीत निरिच्छ बसणे माणसाला शोभत नाही, असेच जणू कवितेने मान्य केले.

५. नाव आणि नाव सांगणारा

मराठी गद्यात या कोंडीतून वाट काढली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनखात्यात असताना नवेगावबांधच्या तळ्याकाठी त्यांनी घालवलेले दिवस आणि त्यातून झालेले लेखन वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्या हातात गळ नाही. तरीही तळ्याचे वारे, गवत, पाखरे, मासे आणि त्यांच्या वेळा यांची जी जाण चांगल्या गळलेखनात असते, ती त्यांच्या लेखनात आहे. त्यांचे खरे वेगळेपण दुसरीकडे आहे. रानातल्या आणि पाण्यातल्या माणसांकडून आपण शब्द शिकलो, हे ते लेखनातच नोंदवतात. ढिवर त्यांच्या पानावर जाणता म्हणून येतो. सोमेश्वराने नाव घेतले आणि माणूस गाळला. साइक्सने नाव जपले, माणूस गाळला. थॉमसच्या पिढीने माणसाला आरोपी केले. चितमपल्लींनी नाव आणि माणूस एकत्र ठेवले. त्यांच्या लेखनात कधी कधी अद्भुताची ओढ निरीक्षणावर कुरघोडी करते, हा आक्षेप घेता येईल. पण परंपरेच्या या हिशेबात त्यांची जमेची बाजू फार मोठी आहे.

ते विदर्भाच्या पाण्याचे झाले. तापीखोऱ्याला असा लेखक अजून मिळायचा आहे. अहिराणीवर आणि खानदेशच्या लोकगीतांवर बरेच संकलन झाले, आणि ते स्वाभाविकपणे शेत, जाते, लग्न, सण यांच्याभोवती झाले. बहिणाबाईंच्या कवितेने त्याला मोठे अधिष्ठानही दिले. नदीवर जगणाऱ्यांची शब्दसंपत्ती त्या मानाने मागे राहिली. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापासून पांझरेच्या मुखापर्यंत, मेहरूण आणि नकाणे तलावांपासून हतनूरच्या फुगवट्यापर्यंत, माशांची, जाळ्यांची, डोहांची आणि पाण्याच्या रंगांची जी नावे आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या मासेमारांच्या तोंडी आहेत, ती नोंदवण्याचे काम जळगावच्या विद्यापीठातल्या मराठी आणि प्राणिशास्त्र विभागांनी मिळून हाती घेण्यासारखे आहे. नोंदीत उच्चार हवा, पाण्याचे ठिकाण हवे, हंगाम हवा आणि सांगणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव हवे. ही शेवटची अट केवळ सौजन्याची नाही. ‘मत्स्यविनोदा’तले एखादे नाव आज ओळखता येत नाही, कारण ते कुठल्या काठावरच्या कुणाच्या तोंडचे हे ग्रंथाने ठेवले नाही. सांगणारा गाळला की काही शतकांनी नावही निरुपयोगी होते, हा धडा त्या अध्यायानेच दिला आहे.

मराठीत वॉल्टन झाला नाही याची खंत करण्याचे कारण नाही. छंदाचे पुस्तक उद्या होईल किंवा होणारही नाही. तापीच्या माशांची नावे मात्र ती सांगणारे आहेत तोवरच लिहून घेता येतील.